घर वारकऱ्याचं, वाचतोय ख्रिस्ती संदेश. पुढं काय वाचू?

मागवाला_अक्कलकोट_रोड
नमस्कार. प्रश्न जरा वेगळाय, चेष्टा करायची तर करा पण उत्तर पण द्या. आमचे वडील माळकरी, आषाढी कधी चुकवली नाही. मार्चमध्ये गेले. त्याच्या आधी भावाचे नि माझे टॉवेलचे चार माग होते ते भंगाराच्या भावानं काढले, आता मी दुसऱ्याच्या कारखान्यात हिशेब लिहितो. रडगाणं म्हणून नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतोय. शेजारी एक ख्रिश्चन आजी राहतात, रिटायर्ड नर्स, वडिलांचं ड्रेसिंग शेवटचा महिनाभर त्यांनीच केलं, पैशाचं नाव काढू दिलं नाही. दहावं झाल्यावर त्यांनी मला एक जुनं पुस्तक दिलं, कव्हर गेलेलं, पहिली पानं पण नाहीत त्यामुळं कुणी लिहिलंय ते कळत नाही, चर्चमधले संदेश आणि काही लेख आहेत मराठीत. आमच्याकडं पाणी चार दिवसाआड, ते पण रात्री दोन-अडीचला, टाकी भरेपर्यंत मोटरजवळ बसायला लागतं, तेवढ्यात वाचतो.

त्यातला एक डोक्यातून जाईना. येशूला मारल्यावर तिसऱ्या दिवशी दोघंजण यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडं चालत निघालेत, तोंडं उतरलेली, वाटेत एक अनोळखी माणूस सोबत चालायला लागतो नि विचारतो काय बोलताय, तर हे सगळं सांगतात आणि म्हणतात आम्हाला आशा होती की हाच आम्हाला सोडवेल. होती. लिहिणाऱ्यानं त्या एका "होती"वर दोन पानं घातलीत. मला वाटलं आता म्हणेल विश्वास ठेवा सगळं चांगलं होईल, तर म्हणतच नाही, म्हणतो त्या अनोळखी माणसानं आधी त्यांना पूर्ण बोलू दिलं. वडील गेल्यावर जो भेटला तो मला गप्पच करत होता ओ, "सोनं झालं त्यांचं, रडू नको" म्हणून. मी तसाच बसलो, टाकी भरून वाहायला लागली, बायको उठून आली.

तर विचारायचं हे की असं अजून मराठीत काय आहे? यूट्यूबवर शोधलं तर सगळे ओरडतायत, हात ठेवला की आजार गेला, ते नको. आणि मला धर्म बदलायचा नाही, तरी वाचलं तर चालतं का?

पाळकाची_मुलगी
वाचायला कुणाची परवानगी लागत नाही दादा. माझे वडील तीस वर्षं चर्चचे पाळक होते, शनिवारी रात्री आमच्या घरात टीव्ही बंद कारण पप्पा संदेश तयार करतायत. चांगल्या संदेशाची एक खूण त्यांनी सांगितलेली, आधी वचन जसं आहे तसं वाचायचं, आपल्याला पाहिजे तसं नाही. तुमच्या पुस्तकातलं बरोबर आहे पण अर्धं, बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाचा २४ वा अध्याय पूर्ण वाचा, बोलू दिल्यावर तो त्यांना चांगला झापतो पण, "अहो निर्बुद्ध" म्हणतो, मग शास्त्र उलगडून सांगतो. आणि एवढं सांगून सुद्धा ते त्याला ओळखत नाहीत!! संध्याकाळ झाली म्हणून ते त्याला घरी थांबवून घेतात, जेवायला बसतात, तो भाकर मोडून देतो तेव्हा ओळखतात. मराठी बायबलमध्ये ब्रेडला भाकरच म्हटलंय, लहानपणी मला खरंच आपली ज्वारीची कडक भाकरी मोडल्याचा आवाज यायचा.

तुम्हाला मी बायबलमधलं विलापगीत वाचायला सांगेन, पाचच अध्याय. इसवीसनपूर्व ५८६ च्या आसपास बाबेलच्या लोकांनी यरुशलेम जाळलं त्याच्यावरचा शोक आहे. हिब्रूत २२ अक्षरं, आणि पहिल्या चार अध्यायांत कडवी त्या अक्षरांच्या क्रमानं रचलीत, म्हणजे अ पासून ज्ञ पर्यंत रडणं. पप्पा म्हणायचे दुःखाला कुठंतरी ओळ लावून दिली की माणूस त्याच्यात बुडत नाही. देवाची दया रोज सकाळी नवी असते हे वाक्य चर्चच्या कॅलेंडरवर हमखास असतं, ते ह्याच पुस्तकातलं, तिसऱ्या अध्यायातलं, बरोब्बर मधोमध. कॅलेंडरवाले हे सांगत नाहीत की त्याच्यानंतर पुस्तक परत रडायला लागतं आणि शेवट "तू आम्हाला कायमचं टाकलंस का" अशा सुरात होतो. गोड शेवट जोडलेला नाही. म्हणून मला ते पटतं.

हात ठेवून आजार घालवणाऱ्यांपासून लांब राहा. आमच्या ओळखीत एका बाईंनी त्या नादात शुगरच्या गोळ्या सोडलेल्या.

बाळीवेस_बे
काय बे, घरात गाथा असून तिकडं कुठं बघलालास? तुकोबांचं पण दुकान बुडलेलं की, दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली. तुझ्यापेक्षा जास्त भोगलंय त्या माणसानं. आधी ते वाच मग दुसऱ्याच्या दारात जा. राग नको मानू, प्रेमानं सांगलालो.

जुनी_पुस्तकं
@बाळीवेस_बे गाथा वाचावीच, पण दारं एवढी वेगळी नाहीत. रेव्हरंड टिळक, शाळेत जखमी पक्षिणीची कविता होती ना आपल्याला, तेच, १८९५ ला ख्रिस्ती झाले आणि स्वतःच म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. चर्चमध्ये त्यांची भजनं अजून गातात, चाली ऐकल्या तर तुला कीर्तनात बसल्यासारखं वाटेल. त्याच्याही आधी १६१६ मध्ये फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज माणसानं गोव्यात बसून ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहिलंय, मराठीचं कौतुक तर असं केलंय की आपण लाजावं.

मागवाले, तुम्हाला आजचं सोपं मराठी पाहिजे तर फादर दिब्रिटो वाचा. वसईचे कॅथलिक धर्मगुरू होते, २०२४ ला गेले, २०२० ला आपल्या शेजारी उस्मानाबादला साहित्य संमेलन झालं त्याचे अध्यक्ष. त्यांचं सुबोध बायबल वाचताना अडखळायला होत नाही, जुन्या भाषांतराचा ठसका वेगळा पण नवख्याला जड जातं. माझं मत, लेख आधी, बायबल नंतर. पाळकाची_मुलगी ताईंना पटणार नाही.

पाळकाची_मुलगी
नाहीच पटणार 😄

सात_रस्ता_मास्तर
मी ख्रिश्चन नाही, देव आहे का नाही ह्याच्यावर पण माझं अजून ठरलेलं नाही, तरी एक सांगतो. मार्टिन ल्युथर किंगला आपण भाषणापुरतं ओळखतो, पण तो मुळात चर्चचा पाळक, आणि त्याच्या प्रवचनांचं पुस्तक १९६३ ला आलं त्यात मोडलेल्या स्वप्नांवर एक प्रवचन आहे, जॉर्जियाच्या जेलमध्ये बसून लिहिलेलं. इंग्रजीत आहे पण भाषा अवघड नाही. त्यात बायबलमधल्या पौलाची, येशूच्या प्रेषिताची गोष्ट आहे. त्यानं रोमच्या लोकांना पत्रात लिहिलेलं असतं की मी स्पेनला जाणार आहे, जाताना तुमच्याकडं येईन. रोमला पोचतो, पण कैदी म्हणून. किंग विचारतो की स्पेनला निघालेला माणूस रोमच्या कोठडीत आला तर त्यानं करायचं काय? कडवट व्हायचं, का स्वतःत मिटून जायचं, का नशीब म्हणून सोडून द्यायचं, तिन्ही वाटा तो एकेक करून बंद करतो. मग म्हणतो की स्वप्न मोडलंय हे उघड्या डोळ्यांनी बघायचं आणि तरी हातातली आशा सोडायची नाही. हे लिहिणाऱ्याच्या घरावर १९५६ ला बॉम्ब पडलेला, बायको आणि तान्ही मुलगी घरात असताना, म्हणून मी ऐकून घेतो. एसीत बसून कुणी सांगितलं असतं तर पान उलटलं असतं.

मला नोकरीतनं काढलं त्या वर्षी वाचलेलं. नोकरी काय परत मिळाली नाही, शिकवण्या घ्यायला लागलो, अजून घेतो.

बाळीवेस_बे
मास्तर हे भारी आहे बे. मराठीत कुणी केलंय का?

सात_रस्ता_मास्तर
मी पोरांना तोंडी सांगतो, तेवढंच. लिहून काढायचं दोन वर्षं चाललंय.

मागवाला_अक्कलकोट_रोड
सगळ्यांना धन्यवाद. बाळीवेस, राग नाही रे, वडिलांची गाथा देवघरातच आहे, उघडली की त्यांच्या खुणेचे कागद दिसतात म्हणून अजून हात होत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकात माझं कुणी गेलेलं नाही, म्हणून ते वाचता येतं बहुतेक.

काल आजींना विचारलं पुस्तक कुणाचं ते. त्यांना पण नाव माहीत नाही, नाइट ड्युटीला वाचायच्या म्हणे. मागचं कोरं पान बघितलं तर पेन्सिलनं कॉट नंबर आणि टेंपरेचर लिहिलेली, १०२, १०१, १०१, ९९. ते ९९ वालं पेशंट कोण होतं विचारलं तर म्हणाल्या आता कुठं आठवतंय, पण पहाटे चहा घेतलेला त्यानं. विलापगीताबद्दल सांगितलं तर आत जाऊन स्वतःचं बायबल घेऊन आल्या, चष्म्याच्या काडीनं पान दाखवलं.

आज रात्री पाणी आहे. मोटरला अलार्म लावलाय.