मदत हवी आहे: १९१७ च्या पत्रातला 'पाव' आणि देवळालीचा ताप

मंडळी, अडकलोय. एका मित्राला जुन्या बाजारात ब्रिटिश शिपायाच्या पत्रांचा गठ्ठा मिळाला. तेरा पत्रं, १९१७-१८ ची, पेन्सिलीने खरडलेली. तो देवळाली कॅम्पावर पुस्तिका करतोय, आणि पत्रं मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

सरळ इंग्रजी असतं तर आठवड्यात हातावेगळं केलं असतं. पण हा गडी बराकीतलं बोलतो. काही शब्द आपलेच निघाले. 'डेक्को' म्हणजे देखो, 'चिट' म्हणजे चिठ्ठी, 'ब्लायटी' हे विलायतीचं रूप. 'दूलाली टॅप' वाचून मात्र मी दोन दिवस नळ शोधत होतो. शेवटी बायको म्हणाली, "अरे, ताप असेल." तापच निघाला! देवळालीचा ताप, म्हणजे डोकं फिरणं. नोकरीची मुदत संपलेले शिपाई जहाजाची वाट बघत तिथे पडून असायचे आणि जहाजं थंडीच्या मोसमातच सुटायची. चुकलं की बसा महिनोन्महिने, ना काम ना धाम. चळलेल्या माणसाला इंग्रज अजूनही 'दूलाली' म्हणतात. नाशिककरांनी अभिमान बाळगावा की कसं, ते तुम्हीच ठरवा.

खरं घोडं पुढे अडलंय. फ्रान्सच्या खंदकात असलेल्या भावाला तो लिहितो, 'डक युअर लोफ'. माझं भाषांतर: "आपला पाव खाली ठेव." हसू नका. घरच्या शब्दकोशात 'लोफ' म्हणजे पाव नाहीतर उंडारणं, दोन्ही इथे बसत नाहीत. अर्बन डिक्शनरी बघितली, पण ती १९९९ पासूनची आणि कोणीही काहीही लिहितो. मग कॅप्टन ग्रोजचा १७८५ चा कोश उघडला. हा बाबा नोकराला घेऊन रात्री लंडनच्या गुत्त्यांत शब्द गोळा करत हिंडायचा. दुपार मजेत गेली, काम शून्य.

तर, पहिल्या महायुद्धाच्या आसपासची बोली कुठल्या कोशात मिळेल? आणि अमुक शब्द तेव्हा त्याच अर्थाने चालत होता, हे ठरवायचं कसं?

शब्दखोर: पाव नव्हे हो, डोकं! 'लोफ ऑफ ब्रेड' मधल्या ब्रेडचं 'हेड'शी यमक. लंडनवाले यमक जुळवतात आणि जुळणारा शब्दच गाळून टाकतात, बाहेरच्याला पत्ता लागत नाही. फ्रेझर आणि गिबन्स यांचा सैनिक-खलाशांच्या शब्दांचा कोश १९२५ चा आहे. त्यात तुमचं वाक्य जसंच्या तसं सापडेल: खंदकाच्या कठड्याखाली डोकं ठेव. पार्ट्रिजचा १९३७ चा कोश जाडजूड आणि वाचायला झकास, पण सालं पुष्कळदा अंदाजाने दिलेली. तारखेसाठी जोनथन ग्रीनचा बघा. २०१० मध्ये तीन खंडांत छापला, २०१६ पासून नेटवरही आहे. प्रत्येक अर्थाखाली छापील दाखले सालवार लावलेत. पहिला दाखला १९२५ चा म्हणून १९१७ मध्ये शब्द नव्हता असं मात्र समजू नका. अशी बोली तोंडात आधी रुळते, कागदावर मागाहून येते. पहिला दाखला १९६० चा निघाला तर पत्रावरच संशय घ्या.

आजीचीनात: शब्द अजिबात लागत नसेल तर उलटा वाचून बघा. 'यॉब' म्हणजे उलटा 'बॉय'. लंडनच्या हातगाडीवाल्यांची ही उलटी भाषा हॉटनच्या १८५९ च्या कोशात आहे. आमच्या शाळेतल्या 'च'च्या भाषेची मावशी.

धागाकर्ता: शब्दखोर, दंडवत! 'डोस्कं खाली ठेव रे' असं केलंय. यमक गेलं, पण भाऊ वाचला. मावशीलाही नमस्कार सांगा.

आता अकराव्या पत्रात 'रूटी गाँग' आलंय. 'रूटी' म्हणजे रोटी, 'गाँग' म्हणजे पदक. वर्षानुवर्षं सरकारी रोटी खाल्ल्याबद्दल, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मिळालेलं. मित्र म्हणतो 'पावपदक' लिही. पण पावाचा मी आता धसका घेतलाय. दुसरं काही सुचतंय का कोणाला?