मदत हवी आहे: अण्णांचं टीपीएन (सगळं पोषण शिरेतून देणं) चालू आहे, वजन ९ किलो उतरलं, पण प्रथिनं पुरेशी मिळताहेत का?

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहिते आहे. माझे वडील अण्णा, वय ५८, उंची १६८ सेंटिमीटर, आजारापूर्वी वजन ११२ किलो. तीन आठवड्यांपूर्वी आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली. लहान आतड्याचा बराच भाग काळा पडला होता, तो काढावा लागला. तोंडाने दिलेलं अजून पचत नाही, म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेतून टीपीएन चालू आहे. रोज दुधासारखी पांढरी पिशवी लागते.

काल पिंपळगावहून आत्या आली. वजनाचा आकडा ऐकून म्हणाली, "चला, या निमित्ताने वजन तरी उतरलं. अंगात एवढी चरबी आहे, महिनाभर पुरेल की!" घरात सगळ्यांना हे पटलं, मला नाही. परवा अण्णांना चष्म्याची डबी उघडता आली नाही. ज्या हातांनी आयुष्यभर लेथ चालवली, ते हात.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून एवढं कळतं की चरबीतून ऊर्जा मिळते, पण जखम भरायला लागणारी प्रथिनं त्यातून तयार होत नाहीत. नुसत्या उपासात शरीर हळूहळू चरबीवर भागवायला लागतं आणि स्नायू जपतं. मोठं ऑपरेशन, ताप, सूज असली की ते जमत नाही, स्नायू मोडत राहतात. शंभर किलोंचा माणूसही असा आतून उपाशी राहू शकतो.

वाचताना बोस्टनचे सर्जन जॉर्ज ब्लॅकबर्न यांचं काम सापडलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ऑपरेशन झालेल्या रुग्णांना साखरेशिवाय नुसती अमिनो आम्लं शिरेतून दिली. साखर नसली की इन्सुलिन खाली राहतं, चरबी जळते, प्रथिनं वाचतात, असा त्यांचा विचार होता. पुढे याच विचारातून त्यांनी आणि त्यांचे सहकारी ब्रूस बिस्ट्रियन यांनी लठ्ठपणासाठी कमी कॅलरींचा, भरपूर प्रथिनांचा आहार बसवला. वजन उतरवतानाही स्नायू राखायचे, हा त्यांचा आग्रह मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता खरा प्रश्न. आयसीयूतल्या पोषणाबद्दलच्या २०१६च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३० ते ४० असल्यास आदर्श वजनाच्या (उंचीनुसार असायला हवं त्या वजनाच्या) किलोमागे २ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. कॅलरी मात्र कमी, बीएमआय ५०पर्यंत प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे ११ ते १४. अण्णांचा बीएमआय ३९.७ होता. आदर्श वजन ६४ किलो धरलं तर १२८ ग्रॅम होतात. पिशवीच्या लेबलावर ७५ ग्रॅम अमिनो आम्लं आणि १६०० कॅलरी लिहिल्या आहेत. कॅलरी भरपूर, प्रथिनं कमी, असं मला दिसतं. क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे मूत्रपिंडं ठीक दिसतात. शुगर वाढते, त्यासाठी इन्सुलिन चालू आहे.

कुणाच्या रुग्णाला पिशवीसोबत अमिनो आम्लांची वेगळी बाटली लावली होती का? डॉक्टरांकडे हा विषय कसा काढलात? त्यांच्या कामात लुडबुड करायची नाही, पण गप्पही बसवत नाही. पलंगावरच्या पलंगावर कोणते व्यायाम करून घेतलेत? आणि नाशिकमध्ये कुणी घरी टीपीएन दिलं असेल, तर लाईनचं (शिरेतल्या नळीचं) ड्रेसिंग घरच्यांना कोणी शिकवलं, पिशव्या कुठून आणल्या, ताप आला की काय केलं, हे कृपया तपशीलवार लिहा.

रविवारी डॉक्टरांनी सविस्तर बोलायला अर्धा तास दिला आहे. त्याआधी उत्तरं आली तर वहीत लिहून नेता येतील.