वेबसाइट नाही, फक्त यूट्यूब चॅनेल आहे. अ‍ॅफिलिएट कसं सुरू करायचं?

बॉबिनकेस: शिवणकामाचं मराठी चॅनेल आहे, १,८०० सबस्क्रायबर. महिन्याला साधारण ६,००० व्ह्यूज. प्रत्येक व्हिडिओखाली विचारणा असते, "ताई, ही कात्री कुठे मिळेल, सुई कोणत्या नंबरची?" वेबसाइट काढायची नाही, होस्टिंगचा खर्च नको. अ‍ॅमेझॉनचं अ‍ॅफिलिएट खातं, म्हणजे माझ्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की मला कमिशन मिळतं ते, नुसत्या चॅनेलवर मिळतं का? लिंक कुठे टाकायच्या? नात्यातल्या बायकांचे तीन-चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, तिथे टाकल्या तर चालतील का? आणि खरंच किती पैसे सुटतात?

उलटीशिलाई: मिळतं. अ‍ॅमेझॉन असोसिएट्स या त्यांच्या अ‍ॅफिलिएट योजनेच्या फॉर्ममध्ये वेबसाइट किंवा अ‍ॅपचा पत्ता मागतात, तिथे यूट्यूब चॅनेलचा पूर्ण पत्ता द्यायचा. इन्स्टा, फेसबुक पेज असेल तर तेही त्याच यादीत घाला. जिथे जिथे लिंक टाकणार ती प्रत्येक जागा यादीत हवी आणि ती सार्वजनिक हवी.

पण आज रात्री बसून फॉर्म भरू नका. नोंदणी झाली की १८० दिवस मोजायला लागतात आणि तेवढ्यात किमान ३ विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. पुन्हा अर्ज करता येतो, पण जुन्या सगळ्या लिंक मेल्या, एकेक व्हिडिओ उघडून बदलत बसा. म्हणून आधी ज्या आठ-दहा व्हिडिओंना रोज व्ह्यूज येतात ते निवडा, कोणत्या व्हिडिओखाली कोणती वस्तू ते कागदावर लिहा, मग नोंदणी करा.

त्या ३ विक्री भरायला बहिणीला, वहिनीला "माझ्या लिंकवरून घे गं" म्हणायचा मोह होतो. तो टाळा. स्वतःची आणि घरच्यांची खरेदी धरत नाहीत, आणि तीनही ऑर्डर अशाच निघाल्या तर खातंच जातं.

लिंक घ्यायची ती शक्यतो कॉम्प्युटरवर किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप मोड लावून. असोसिएट खात्याने लॉगिन केलं की अ‍ॅमेझॉनच्या पानावर वर साइटस्ट्राइपची पट्टी दिसते, तिथून. साध्या शेअर बटणाच्या लिंकमध्ये तुमचा टॅग, म्हणजे विक्री तुमच्या नावावर धरायची खूण, असेलच असं नाही. भारतातल्या खात्याचा टॅग "-२१" ने संपतो. छोटी लिंक बनवली असेल तर स्वतः उघडून वरच्या पत्त्यात तो दिसतो का बघा. फक्त उघडायची, खरेदी करायची नाही.

आता यूट्यूबचं. डिस्क्रिप्शनमधली बाहेरची लिंक दाबता येण्यासाठी चॅनेलला अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स चालू हवीत, यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंग्जमध्ये ओळख पडताळून ती मिळतात. नाहीतर लिंक नुसती अक्षरं म्हणून पडून राहते. शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमध्ये आणि कमेंटमध्ये लिंक टाकून उपयोग नाही, ३१ ऑगस्ट २०२३ पासून तिथे लिंक दाबल्या जात नाहीत. शॉर्टला मोठा व्हिडिओ जोडा, लिंक त्याखाली. फोनवर "आणखी" दाबायच्या आधी डिस्क्रिप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. तिथे "नमस्कार मैत्रिणींनो" नको, सरळ वस्तू हवी.

शिवणकामात लिंक फसते ती सुईपाशी. घरगुती मशीनला एचए×१ सुई लागते, तिचा वरचा दांडा एका बाजूने चपटा असतो. जुकीसारख्या कारखान्याच्या मशीनला डीबी×१, तिचा दांडा गोल. शोधताना दोन्ही शेजारी-शेजारी येतात, पाकिटंही सारखीच दिसतात. घरी शिवणाऱ्या बाईला तुम्ही डीबी×१ ची लिंक दिलीत की सुई नीट बसत नाही, टाके सुटतात, पाकीट परत जातं आणि त्यासोबत तुमचं कमिशनही. शिवाय ती पुन्हा तुमची लिंक दाबणार नाही, हे वेगळंच. म्हणून डिस्क्रिप्शनमध्ये असं लिहा:

"घरगुती मशीनची सुई, एचए×१, १४ नंबर (सुती ब्लाउज, कुर्ता): लिंक
जीन्ससाठी तीच सुई १६ नंबर: लिंक
तुमचं मशीन जुकीसारखं कारखान्याचं असेल तर या दोन्ही घेऊ नका."

ही तिसरी ओळ विक्री कमी करते असं वाटतं. उलट पाकिटं परत जायची थांबतात.

किंमत लिहू नका. ती दिवसात बदलते, आणि हाताने लिहिलेली किंमत अ‍ॅमेझॉनच्या नियमात बसत नाही. तिथला फोटो, तिथले स्टार, ग्राहकांचे रिव्ह्यू यांचे स्क्रीनशॉट लावायलाही मनाई आहे. फोटो तुमच्या टेबलावरचा काढा, कापडाच्या चिंध्या मागे दिसल्या तरी चालतील.

चारआणे: व्हॉट्सअ‍ॅपचं उत्तर राहिलं. खासगी ग्रुपवर अ‍ॅमेझॉनची अ‍ॅफिलिएट लिंक टाकता येत नाही. ग्रुपवर व्हिडिओची लिंक टाका, वस्तूची लिंक व्हिडिओखाली आहेच. एक पायरी वाढते, पण खातं शाबूत राहतं.

पैशांचं गणित, आकडे धरून चालतोय, तुम्ही तुमचे घाला. ६,००० व्ह्यूज, शंभरातल्या दोघींनी लिंक दाबली तर १२० क्लिक. त्यातल्या शंभरात ५ जणींनी घेतलं तर ६ ऑर्डर. ऑर्डर सरासरी ₹४००, दर ५ टक्के धरला तर हातात ₹१२०. ३ विक्रीची अट पहिल्याच महिन्यात पुरी होईल, पण एनईएफटीने, म्हणजे थेट बँक खात्यात, पैसे यायला किमान ₹१,००० साठावे लागतात, म्हणजे आठ-नऊ महिने. वर, महिना संपल्यावर पैसे यायला आणखी सुमारे ६० दिवस.

त्यामुळे सुई-दोरा विश्वासासाठी आणि मशीन कमाईसाठी. ₹१०,००० चं मशीन ३ टक्क्यांनी गेलं तरी ₹३००, अडीच महिन्यांच्या सुया एका ऑर्डरीत. "पहिलं मशीन कोणतं घ्यावं" हा एकच व्हिडिओ नीट केलात तर बाकी वीसांपेक्षा जास्त देईल. दर वस्तूच्या प्रकारानुसार वेगळे असतात आणि बदलतात, व्हिडिओ करण्याआधी असोसिएट्सच्या तक्त्यात बघून घ्या.

बॉबिनकेस: मशीन कोणी लगेच घेत नाही, नवऱ्याला विचारून, पगार झाल्यावर घेतात. तोवर माझी लिंक जिवंत राहते का?

उलटीशिलाई: क्लिकपासून २४ तास. त्या वेळात तिने मशीन कार्टमध्ये टाकलं असेल तर ऑर्डर ८९ दिवसांच्या आत झाली तरी तुमचं. मध्ये दुसऱ्या कोणाची लिंक दाबली तर मात्र गेलं. म्हणून व्हिडिओत सरळ सांगा, "आवडलं तर कार्टमध्ये ठेवा, घरात बोलून मग घ्या." हे ऐकायलाही बरं वाटतं. आणि त्या २४ तासांत तिने सुईऐवजी कुकर घेतला तरी कुकरचं कमिशन त्याच्या दराने तुम्हालाच मिळतं.

प्रत्येक व्हिडिओला वेगळा ट्रॅकिंग आयडी करा, एका खात्यात बरेच करता येतात. नाहीतर सहा ऑर्डर आल्या एवढंच कळतं, कोणत्या व्हिडिओतून ते कळत नाही.

कलमकसाई: कायद्याचं कोणी बोललंच नाही. ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमिशन मिळतं हे उघड सांगावं लागतं, आणि ज्या भाषेत व्हिडिओ त्याच भाषेत. व्हिडिओत फक्त डिस्क्रिप्शनमध्ये लिहून भागत नाही, बोलायचं आणि पडद्यावर अक्षरांतही दाखवायचं. "खालच्या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं", एवढं पुरे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दंड ₹१० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ₹५० लाखांपर्यंत. अ‍ॅमेझॉनचं स्वतःचं ठरलेलं इंग्रजी वाक्यही डिस्क्रिप्शनमध्ये जसंच्या तसं लागतं, ते मराठी वाक्याच्या खाली ठेवा.

कर: हे कमिशन आहे. एका कंपनीकडून वर्षाला ₹२०,००० च्या वर गेलं की २ टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, पॅन दिला नसेल तर २० टक्के. पूर्ण हिशोबाऐवजी अंदाजे नफा दाखवायची सवलत कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही. त्यामुळे रिटर्नचा सोपा फॉर्म म्हणून आयटीआर-४ भरू नका, आयटीआर-३ लागतो. कात्री, दिवा, ट्रायपॉड यांची बिलं ठेवा, खर्चात धरता येतात. जीएसटीची मर्यादा वर्षाला ₹२० लाख, तिची काळजी आत्ता नको.

चारआणे: एक राहिलं. चॅनेल थोडं वाढलं की "₹४,९९९ चा कोर्स घ्या, तोच पुढे विका, ७० टक्के कमिशन" असे मेसेज येतील. त्यालाही अ‍ॅफिलिएटच म्हणतात. पण आधी तुम्ही पैसे भरायचे आणि कमाई फक्त नवीन माणूस आणल्यावर, ही साखळी आहे. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत पिरॅमिड योजनांना बंदी आहे. अ‍ॅमेझॉनच्या नोंदणीला एक रुपया लागत नाही.

बॉबिनकेस: कागद घेतला. पहिल्या व्हिडिओसमोर एचए×१, १४ नंबर लिहिलं. आधी चॅनेलची पडताळणी करते, फॉर्म पुढच्या महिन्यात.

उलटीशिलाई: फॉर्म भरताना पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरशः सारखं ठेवा. लग्नाआधीचं नाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, पैसे तिथेच अडकतात.