घराचं काम काढलंत, फायदा काय झाला? (अनुभव धागा)

कडीकोयंडा
वरच्या मजल्यावर सकाळपासून टाइल कटर चालू आहे. डोकं उठलंय, पण त्या आवाजाने आमचं काम निघालं होतं तेव्हाचे दिवस आठवले, म्हटलं लिहून टाकावं.
आम्ही काम काढलं ते फरशी पोकळ वाजायला लागली म्हणून. नवी फरशी आता कुणाच्या लक्षातही नाही. मिस्त्री म्हणाला, ताई एवढी तोडफोड होतेच आहे तर बाथरूम पण उरकून घ्या, म्हणून ते केलं. उंबरा काढला, दार 24 इंची होतं, आईचा वॉकर तिरका करून आत न्यावा लागायचा, ते 32 चं केलं, कमोडशेजारी पकडायला दांडी, खाली खडबडीत टाइल. बस एवढंच.
तोपर्यंत आई रात्री उठायला मला हाक मारायची. मधे हाका कमी झाल्या तेव्हा वाटलं बरी झोप लागतेय तिला. काम झाल्यावर चार दिवसांनी तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या दिसला तेव्हा कळलं, की मला उठवायला नको म्हणून बाई संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हती.
तुमचे लिहा. मोठा फायदा, छोटा, पश्चात्ताप, काहीही चालेल.

मधली सून
तांब्याचं वाचून गलबलले गं.
माझा फायदा म्हणजे ओटा. सासूबाई ठेंगण्या, त्यांच्या मापाने बांधलेला, मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. 11 वर्षं वाकून काम केलं आणि कंबरेला मलमं लावत बसले. नवीन करताना सुताराने सरळ उभं केलं, कोपरात हात वाकवायला सांगितला आणि कोपराच्या 4-5 इंच खाली खूण केली, म्हणाला हा तुमचा ओटा. 36 इंच आला. कंबर गप्प बसली महिन्याभरात. आता सासूबाईंना उंच पडतो म्हणून त्यांच्यासाठी खिडकीशी बसून निवडायला-चिरायला वेगळी खालची फळी केलीय, तर त्या म्हणतात ही माझी केबिन.
आणि ह्यांची सबब गेली! "ओटा खाली पडतो गं, पाठ भरून येते" म्हणून भांडी घासत नव्हते. आता घासतात. कटकट करत पण घासतात.

निवांत
वरचं वाचून आमच्या हिला दाखवू नये असं वाटतंय 😄

फ्यूज गेला
आमच्याकडे गिझर चालू असताना नळाला हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या. घरात सगळ्यांना माहीत होतं, पाहुण्यांना पण सांगायचो, "आधी गिझर बंद करा हां". आता आठवलं तरी घाम फुटतो. रंगकामाला आलेल्या माणसाने बोर्ड उघडला तर आतल्या वायरचं वेष्टन काळं पडून भुगा होत होतं आणि अर्थिंगची तार नुसती लोंबकळत होती, कुठेच जोडलेली नाही. मग रंग बाजूला ठेवला आणि आधी सगळं वायरिंग बदललं, गिझर आणि वॉशिंग मशीनला वेगळ्या लाइनी 16 अँपिअरच्या, आणि मेनला ती 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे आपोआप लाइट तोडणारा स्विच. करंट गळायला लागला की क्षणात पडते. सुरुवातीला दर दोन दिवसांनी पडायची, आम्ही वैतागलो, शेवटी कळलं जुनी इस्त्रीच गळकी होती. म्हणजे ती इतकी वर्षं... जाऊदे.
हा फायदा कुणाला दाखवता येत नाही, पाहुणे येतात नि भिंतीचा रंग छान आहे म्हणून जातात.

उंटावरचा शहाणा
@फ्यूज गेला "पाहुण्यांना पण सांगायचो" 😂😂 काय आदरातिथ्य

पाणीपंचाईत
पाइप. आमच्याकडे जुने लोखंडी होते, शॉवरमधून पाणी टपकायचं म्हणा, पडायचं नाही. कापलेला तुकडा प्लंबरने हातात दिला, आत गंज साचून पेन्सिल जाईल एवढं भोक उरलेलं. प्लास्टिकचे टाकल्यावर पहिल्यांदा शॉवर सोडला तर धाकटा घाबरून बाहेर पळाला.
आणि खालच्या काकूंशी परत बोलणं सुरू झालं, त्यांच्या छताला आमच्या बाथरूमची ओल होती आणि तीन वर्षं आम्ही "आमची नाही" म्हणत होतो. आमचीच होती. वॉटरप्रूफिंग केल्यावर जाळी बंद करून 48 तास पाणी तुंबवून ठेवलं, मी दिवसातून चारदा खाली जाऊन काकूंचं छत बघून यायचो. टाइल त्यानंतरच लावल्या. हे पाणी तुंबवायचं अजिबात सोडू नका, मिस्त्री म्हणतो गरज नाही, तरी सोडू नका.

धुळवड
सगळे गोड गोड लिहिताय म्हणून. आमचं दीड महिन्याचं काम पाच महिने चाललं. सुतार गायब, मग टाइलवाला आला तर सुताराचं अर्धवट म्हणून तो गेला, असं. फॉल्स सीलिंग केलं हौसेने, पंखा डोक्याजवळ आला आणि त्या खाचेतल्या लाइटी वर्षातून दोनदा लावतो. खाचेत धूळ मात्र रोज. त्या पैशात खिडक्या बदलल्या असत्या तर पावसाचं पाणी तरी आत आलं नसतं.
फायदा विचारला होता ना, एकच. माळा रिकामा झाला. तीन बंद पडलेली घड्याळं, एका चपलेचा जोड नाही अशी चप्पल, आणि बाबांनी आईला लग्नाआधी लिहिलेली पत्रं. आई म्हणाली वाचू नका. वाचली नाहीत. (बहिणीने एक वाचलं.)

मधली सून
काय होतं त्यात??

धुळवड
बहीण सांगत नाहीये! नुसती हसते

रंधा
माझं थोडं वेगळं. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडायची हौस होती. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं, त्याने सांगितलं वरचा स्लॅब याच भिंतीवर टेकलाय, हात लावू नका. म्हणून त्याच्याच सल्ल्याने भिंत ठेवून समोरासमोर दोन खिडक्या जुळवल्या. घरातला कोंदट वास गेला, दुपारी लाइट लावावा लागत नाही. भिंत राहिली तेच बरं झालं, सासरे टीव्ही मोठ्याने लावतात.
एक मात्र सांगतो, जुना रंग कोरडा घासायला देऊ नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं, लहान मुलं असतील तर तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा. आणि भिंत बुजवायच्या आधी आतल्या पाइप-वायरींचे फोटो काढून ठेवा, शेजारी मोजायची टेप धरून.

निवांत
फोटोचं मला चार दिवस आधी सांगायला हवं होतं. काल फ्रेम लावायला ड्रिल मारलं. पाइप होता.

पाणीपंचाईत
@निवांत 🙏 फ्रेम तरी चांगली होती का

निवांत
लग्नाचा फोटो. आता पाइपवाला येईपर्यंत हिच्यासमोर जात नाही.

कडीकोयंडा
अरे देवा 😂 @धुळवड बहिणीलाच घेऊन या इकडे. आणि योगायोग बघा, आत्ता वरचा मिस्त्री खाली आला होता, तुमच्या बाथरूमचा पाइप कुठून वर जातो विचारत. माझ्याकडे फोटो होते! आईने काढायला लावले होते तेव्हा, मी कुरकुरत काढलेले.

फ्यूज गेला
मग कटर कधी थांबणार ते विचारलंत का

कडीकोयंडा
विचारलं. परवा म्हणाला.

धुळवड
म्हणजे पंधरा दिवस धरा.