'टर्मिनेशन'ला मराठीत काय म्हणावं?

गोदाकाठ: आत्महत्या झालेल्या शेतकऱ्यांच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी एका पुस्तिकेचं भाषांतर करायलोय. 'टर्मिनेशन'वर गाडी अडली. म्हणजे संकटातले चार-सहा आठवडे सोबत केली, आता समुपदेशकानं त्या घरातून पाय काढायचा, तो टप्पा. मी 'समाप्ती' लिहिलं, तपासणाऱ्या मॅडमनी 'संबंधविच्छेद' केलं.

कापूसकोंड्या: हा तर घटस्फोटच की ओ! आमच्या बीडकडं लेक माहेराहून निघाली की साडीचोळी देऊन बोळवण करतेत. ती परत येणार हे धरूनच असतंय. बोळवण लिहा.

शुद्धमती: 'चार पैशांवर बोळवण केली' हेही बोळवणच, आणि सरकारी मदतीबद्दल लोक हेच म्हणतात, त्या घरात तर नकोच. 'सांगता' घ्या. स-अंग, सगळी अंगं पुरी करून.

कापूसकोंड्या: सांगता सप्त्याची होती, माणसाची नाही.

माळावरून: मी हेच काम करते, जालन्याकडं. शब्द काय बी ठेवा, पण पहिल्याच भेटीत सांगावं लागतं की मी कुठवर येणार, नंतर कुणाकडं जायचं, रात्री-अपरात्री १४४१६ ला, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कसा लावायचा. ऐन शेवटी सांगितलं की त्या बाईला वाटतं, नवरा गेला, आता ही पण चालली. एका आजीनं तर चहाखालचा गॅस बारीक करून ठेवला, उकळूच देईना. आपल्याला बी जड जातं, मधूनच चक्कर मारावी वाटते. ते सुपरवायझरजवळ बोलायचं, चोरून भेटी चालू ठेवायच्या नाहीत. आपसात आम्ही 'केस क्लोज' म्हणतो. घरात 'येते बरं का'.

शुद्धमती: 'येते' म्हणून यायचं नाही, ही फसवणूक नाही का?

माळावरून: मग काय 'जाते' म्हणू? त्या घरात?

निजामशाई: आमची आजी 'रजा घेते' म्हणायची. रजा म्हणजे मुळात संमती, 'राजी' त्याच्याच घरातला. दोघं राजी झाले की रजा.

शुद्धमती: अजून किती अरबी-फारसी भरणार?

निजामशाई: मग 'जमीन' न् 'कर्ज' बी काढा, बघू पुस्तिकेत काय उरतं.

कापूसकोंड्या: 'वाटे लावणं' राहिलंच. पाव्हण्याला वाटे लावून आलो म्हणतेत.

शुद्धमती: पुण्यात वाट लावली म्हणजे वाटोळं केलं!

कापूसकोंड्या: पुण्याचं पुण्यात. एका मात्रेचा फरक हाय, दिसत नाही का?

गोदाकाठ: मंडळी, शुक्रवारी छपाईला द्यायचंय हो.

निजामशाई: थांबा जरा. वाटोळं हे वाटेवरनं आलं का वर्तुळावरनं?