शब्दचर्चा: ‘चल आर्ग्युमेंट्स’ म्हणावं का?

प्रश्न: पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवरच्या मराठी टिपणात ‘व्हेरिएबल आर्ग्युमेंट्स’साठी (आर्ग्युमेंट म्हणजे फंक्शनला दिलेली किंमत) ‘चल आर्ग्युमेंट्स’ आणि डायनॅमिक मेथड (ऑब्जेक्टचं फंक्शन) कॉलसाठी ‘गतिमान कॉल’ लिहावं का?

उत्तर: दोन्ही नकोत. शाळेपासून आपल्याला चल म्हणजे क्ष किंवा य, ज्याची किंमत बदलते. इथे बदलते ती संख्या. कधी दोन आर्ग्युमेंट्स, कधी पाच. ‘कितीही आर्ग्युमेंट्स’ म्हटलं की लगेच कळतं. ‘चल’ शोभतो तो कॉलमध्ये:

$मूळ->$नाव(...$बाकी);

(पीएचपीला देवनागरी नावं चालतात.) इथे मेथडचं नाव खरोखरच चलात ठेवलंय आणि कोणती मेथड बोलवायची ते ऐन वेळी ठरतं. ‘गतिमान’ म्हटलं की वाचकाला वेग आठवणार, त्याचा इथे संबंधच नाही. ‘ऐन वेळी ठरणारा कॉल’ लांबलचक आहे, पण अचूक आहे.

प्रश्न: आणि ती तीन टिंबं?

उत्तर: ती एकमेकांच्या उलट अशी दोन कामं करतात, म्हणून शब्दही दोन हवेत. फंक्शनच्या व्याख्येत ती उरलेली आर्ग्युमेंट्स एका यादीत, म्हणजे अ‍ॅरेत बांधतात, कॉलमध्ये तोच अ‍ॅरे सोडतात. माझं मत ‘बांधणे’ आणि ‘सोडणे’ यांना. मोट बांधतो, सोडतो तसंच. ही सोय २०१४च्या ५.६ आवृत्तीत आली. २०२०च्या ८.० पासून मात्र सोडताना अ‍ॅरेच्या किल्ल्या (प्रत्येक घटकाची ओळख सांगणारं नाव किंवा क्रमांक) बघाव्याच लागतात: किल्ली स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असेल तर ते आर्ग्युमेंटचं नाव धरलं जातं, आणि फंक्शनमध्ये त्या नावाचं काही नसेल, शिवाय उरलेलं बांधून घेणारी टिंबंही नसतील, तर थेट एरर. पीएचपीचं तयार फंक्शन ‘कॉल यूजर फंक अ‍ॅरे’ पूर्वी या किल्ल्यांकडे बघतही नसे, त्यामुळे जुना कोड इथे अडू शकतो.

आणखी एक मत: ‘फॉरवर्ड’साठी (मिळालेली आर्ग्युमेंट्स दुसऱ्या मेथडला देणं) ‘जसंच्या तसं पुढे देणे’ सुचवतो.

उत्तर: ‘पुढे देणे’ छान आहे, ‘जसंच्या तसं’ काढा. दोन अंडरस्कोअरवाल्या ‘कॉल’ या मॅजिक मेथडमधून (नसलेली मेथड बोलावली की ही आपोआप चालते) आर्ग्युमेंट्स गेली की रेफरन्स, म्हणजे मूळ चलाशी असलेला दुवा, तुटतो, फक्त किंमत पुढे जाते. आतल्या मेथडने यादी रेफरन्सने घेऊन क्रमवार लावली, तरी बाहेर तुमची यादी होती तशीच विस्कटलेली राहते, आणि साधी वॉर्निंगही येत नाही. रेफरन्स टिकवायचा असेल तर ‘कॉल’वर न सोडता मेथड स्वतः लिहावी आणि व्याख्येत टिंबांच्या आधी अँपरसँड द्यावा: &...$बाकी.