मदत हवी आहे : ग्वाल्हेरच्या थंडीत ओट्यावर झोपणाऱ्या बाबांना रैन बसेऱ्यात (बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात) कसं न्यावं?

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, महाराज बाड्याच्या चौकापासून चालत दहा मिनिटांवर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बंद दुकान आहे. त्याच्या ओट्यावर गेली सहा-सात वर्षं एक बाबा राहतात. कुलुपं, किल्ल्या, स्टोव्ह, शेगड्या दुरुस्त करतात, म्हणून सगळे त्यांना चावीवाले बाबाच म्हणतात. वय विचारलं तर ‘सत्तर पार’ एवढंच सांगतात. दिवसा त्याच ओट्यावर धंदा आणि रात्री तिथंच झोप. वर पत्रा आहे, त्यामुळे पावसाळा कसाबसा निघतो. पण आपल्याकडची थंडी तुम्हाला ठाऊकच आहे. डिसेंबर संपत आला आणि उत्तरेकडून वारं सुटलं की रात्री घराच्या दगडी पाट्यासुद्धा गार पडतात, आत रजईत हुडहुडी भरते. पारा 4 अंशांवर किंवा त्याखाली उतरला की हवामान खातं शीतलहर म्हणतं, आणि तसे दिवस आपल्याकडे नवे नाहीत.

परवा पहाटे साडेपाचला दूध आणायला बाहेर पडले. कोहरा (धुकं) इतका होता की ओट्याजवळ पोचेपर्यंत बाबा दिसलेच नाहीत. ते उठून बसले होते. हाक मारली तर बोलणं जड, शब्द एकमेकांत अडकलेले. चहाचा पेला हातात दिला, तो धरता येईना, निम्मा चहा मांडीवर सांडला. त्यांना आमच्या देवडीत आणलं, ओलसर स्वेटर काढून कोरडा घातला, अंगाभोवती दोन रजया गुंडाळल्या, गोड चहा चमच्या-चमच्याने पाजला. तासाभराने बोलणं ताळ्यावर आलं. माझे मात्र हातपाय दिवसभर गळून गेले होते.

कुणी म्हणेल ब्लँकेट द्या. ब्लँकेटं त्यांच्याकडे पाच आहेत. पंधरा दिवसांत तीन वेगवेगळ्या मंडळींनी येऊन दिली, मनापासून दिली, त्यांचे आभारच आहेत. पण पाचही वरून पांघरली तरी खाली दगड आहे. तो सगळी ऊब ओढून घेतो. बाबा खाली पुठ्ठा घालतात, तो कोहऱ्याने पहाटेपर्यंत लिबलिबीत होतो. चौकात निगमचा (महापालिकेचा) अलाव, म्हणजे शेकोटी, पेटतो, पण लाकडं बाराच्या सुमारास संपतात आणि खरी थंडी तीननंतर पडते. त्यांना छताखाली, चार भिंतींच्या आत झोपायला मिळायला हवं. म्हणून मी त्यांना रैन बसेऱ्यात न्यायचं ठरवलं, आणि तिथं दोन ठिकाणी अडले.

पहिली अडचण आधारची. दारावरच्या माणसाने कार्ड मागितलं. बाबांचं कार्ड जुनं, घडीवर फाटलेलं. आधी कधीतरी ते नवं करून घ्यायला गेले होते, तर बोटांचे ठसेच उमटेनात. चाळीस वर्षं कानस चालवून बोटांची टोकं गुळगुळीत झाली आहेत, मी हातात घेऊन पाहिली. रेशनचंही तिथंच अडलं आहे. आम्ही दोघं त्या रात्री परत आलो.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. बाबांनाच जायचं नाही. कारण त्यांची पेटी. हिरवा रंग उडालेली पत्र्याची पेटी आहे, दोन माणसांनी उचलावी एवढी जड. आत कानशी, छोटा वाईस, पितळी बर्नर, पिना, आणि तारेत ओवलेल्या शे-दोनशे कोऱ्या किल्ल्या. बसेऱ्यात एवढी पेटी कशी न्यायची, आणि ओट्यावर सोडली तर सकाळी राहील का? ते मला म्हणाले, “बाई साहब, ठंड तो एक महीने की है, पेटी गई तो सालभर की रोटी गई.” यावर काय बोलणार?

देवडीतच झोपवावं असंही मनात आलं. पण वाडा चार हिश्श्यांचा आहे आणि सगळ्यांची तयारी नाही. शिवाय शेगडीची भीती आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्याच वाड्यातल्या एकट्या राहणाऱ्या काकूंनी दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवली आणि झोपल्या. सकाळी दार ठोठावलं तेव्हा डोकं फुटतंय, ओकारी, उभं राहवेना. दवाखान्यात दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या, थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून बंद जागेत निखारा ठेवायचं नाव काढलं तरी पोटात गोळा येतो.

तर विचारायचं असं की, आधारशिवाय रैन बसेऱ्यात घेतात का, की नियमच तसा आहे? कुणाशी बोलावं? आणि सामानापायी जायला तयार नसलेल्या माणसाला कुणी नेऊ शकलं आहे का, नेलं असेल तर कसं? जाणकारांनी लवकर सांगावं, रात्री वाढत्या थंडीच्या आहेत.

प्रतिसाद (मुरारहून)

ताई, मी दोन हिवाळे एका बसेऱ्यात स्वयंसेवक होतो. आम्ही रजिस्टरमध्ये नाव, वय, गाव लिहून घ्यायचो. कार्ड असलं तर नंबर टिपायचा, नसलं म्हणून रात्री परत पाठवायचं नाही, असं आम्हाला सांगितलेलं होतं. रैन बसेरे ही कुणाची मेहरबानी नाही. 2010 मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शहरांत दर एक लाख वस्तीमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने चोवीस तास. पुढे 2013 मध्ये राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियान आलं, त्यात बेघरांसाठी निवारे हा वेगळा भागच होता. त्याच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी 50 चौरस फूट जागा धरली होती. शिवाय तिथे राहणाऱ्याला ओळखपत्र, रेशन, पेन्शन मिळवून द्यायला मदत करणं हेही निवाऱ्याचं काम आहे. म्हणजे कागद नाहीत म्हणून आत घेत नाही, हे उलटं झालं. 181 वर सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, नंबर जपून ठेवा. आणि पुढच्या वेळी दारावरच्या माणसाशी न बोलता व्यवस्थापकाला बोलवा.

प्रतिसाद (इंदूरहून)

ठशांबद्दल. माझ्या वडिलांचं हेच झालं होतं, ते सुतार. आधार केंद्रावर डोळ्यांच्या बुबुळांवरून काम होतं, ‘आयरिस’ म्हणून आग्रह धरा. दोन्ही जमत नसेल त्यांच्यासाठीही वेगळी सोय आहे. आधार नीट झालं आणि त्यावर वय सत्तर भरलं की आयुष्मान कार्ड लगेच काढा. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार त्यात बसतात. वृद्धांसाठी 14567 ही एल्डरलाइनही आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. आम्हाला तिथल्या बाईंनी फार नीट समजावून सांगितलं होतं.

प्रतिसाद (निवृत्त परिचारिका)

परवा तुम्ही जे केलंत ते बरोबर केलंत. पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा : कुडकुडणं चालू आहे तोवर शरीर झगडत असतं. कुडकुडणं थांबलं, बोलणं बरळल्यासारखं झालं, झोप अनावर झाली, की थेट 108 बोलवा, घरी वाट पाहू नका. हातपाय चोळू नका, आधी छाती-पोट गरम करा. थंडी घालवायला म्हणून दारूचा घोट कुणी देऊ करतं, तो मुळीच नको, त्याने अंगातली उष्णता उलट बाहेर पडते. आणि काकूंना माझा निरोप द्या. कोळशाच्या त्या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, माणूस झोपेतून उठतच नाही. शेगडी अंगणात, नाहीतर नकोच.

प्रतिसाद (दौलतगंज)

बाबांना पेटी कुठे ठेवली तर चालेल, हे विचारलंत का? माणूस झोपवायला हिस्सेदार नको म्हणतील, पेटीला कशाला नको म्हणतील?

धागाकर्ती, आठ दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. दौलतगंजच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून मी त्याच संध्याकाळी बाबांसमोर जाऊन बसले. इतके दिवस मी त्यांना ‘चला’ एवढंच म्हणत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ताला मेरा रहेगा.” दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी देवडी पाहिली. भिंतीत घोडा बांधायची जुनी लोखंडी कडी आहे, ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली. तिच्यातून साखळी घेतली, ती पेटीच्या दोन्ही कानांतून फिरवली आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेलं कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला. हिस्सेदारांपैकी कुणीही चकार शब्द काढला नाही.

181 वर तक्रार केली होती. तिसऱ्या दिवशी निगममधून फोन आला, व्यवस्थापकाशी बोलणं झालं, नाव-वय लिहून घेतलं आणि बाबा आत गेले. आज सहावी रात्र. लाकडी पलंग आहे, गादी आहे. सकाळी सातला येऊन पेटी सोडवतात आणि ओट्यावर बसतात. गल्लीतल्या चार घरांनी मिळून त्यांच्या दिवसाच्या बैठकीखाली जाड रबरी पट्टा घातला आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा आम्ही वाण म्हणून डबे-वाट्या लुटणार नाही, त्या पैशांतून कंटोप्या आणि लोकरी मोजे घेऊन बसेऱ्यात देणार आहोत. तिथे अजून वीसेक माणसं आहेत, आणि मोजे एकालाही नाहीत.

आधार केंद्रावर बुबुळांवरून काम झालं, पावती मिळाली.

आता एक राहिलं. पेन्शनच्या अर्जाला समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी-नोंदणी क्रमांक) लागतो, आणि बाबांचा तो नाही. त्यासाठी पत्ता कोणता द्यायचा? ओटा म्हणजे पत्ता नव्हे, आणि आमच्या वाड्याचा द्यायला हिस्सेदार कचरतात. बसेऱ्याचा पत्ता समग्रला चालतो का? व्यवस्थापकाचं पत्र पुरतं का? कुणी असं काम करून घेतलं असेल तर कृपया लिहा. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाईला (लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे) बाबांना घेऊन जाणार आहे, त्याआधी कळलं तर अर्जात तसंच मांडेन.